विरजणासाठी दारोदार

"आमची सून कागदाच्या कारखान्यात आहे," असं माझ्या सासूबाई जन्मभर सगळ्यांना सांगत आल्या. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोरे ताव, वह्या-पुस्तकं, असं काहीतरी स्वच्छ यायचं आणि सासूबाई त्या गैरसमजाला धक्का लावत नसत. मी कागदाच्या कारखान्यात होते हे खरं, पण कागदाकडे माझी कायम पाठ असायची. कागद पुढच्या दाराने जायचा. मागच्या दाराने जे जायचं, ते माझं. नांदे गावात माझं नाव विचारलं तर कोणाला सांगता आलं नसतं. 'घाणवाल्या बाई' म्हटलं की मात्र लहान पोरसुद्धा माझ्या केबिनपाशी आणून सोडायचं.

या अंकाच्या संपादकांनी 'पर्यावरण क्षेत्रातली तुमची वाटचाल' असा विषय सुचवला होता. वाटचाल वगैरे काही झाली नाही हो. नोकरीतली सगळी वर्षं मी एकाच टाकीच्या कठड्यावर उभी होते. तेव्हा त्या टाकीबद्दल लिहिते, आणि तिने मला एकदा दारोदार कसं हिंडवलं त्याबद्दल.

आधी धंदा सांगते. हिंजवडीतली मंडळी मोबाइलवर बोट दाबून जे काही मागवतात, ते ज्या तपकिरी खोक्यातून येतं, त्या खोक्याचा कागद आम्ही करायचो. खोकं फाडून फेकलं की रद्दीवाल्याच्या हातून ते पुन्हा आमच्याकडेच यायचं. रद्दी पाण्यात भिजवायची, लगदा करायचा, कागद काढायचा. या सगळ्यात पाणी घाण होतं. त्यात खळ असते, डिंक असतो, शाई असते, कागदाचे बारीक तंतू असतात. हे पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर ते कुजताना ओढ्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं आणि मासे पोट वर करून तरंगतात.

म्हणून ते आधी जीवाणूंना खायला घालायचं. एक मोठी उघडी टाकी, तिच्या तळातून ब्लोअरने सतत हवा सोडायची आणि त्या बुडबुड्यांत कोट्यवधी जीव आपले जेवत बसलेले. त्यांना पोटाला अन्न आणि श्वासाला हवा एवढंच लागतं. पगारवाढ मागत नाहीत, घोषणा देत नाहीत. मरतात मात्र न सांगता. नुसती खळ खाऊन त्यांची तब्येत राहत नाही, म्हणून वरून थोडा युरिया द्यावा लागतो. यावरून गावाने मला कधी माफ केलं नाही. "आमी दुकानातनं हात हलवीत येतोय आन् तुमी गटारीला युरिया घालताय व्हय?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी ऐकवलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

टाकी खुशीत असली की तिचा रंग चॉकलेटी असतो आणि वास ओल्या मातीचा. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला की देठावर डोलणाऱ्या घंटेसारखे जीव उघडमीट करताना दिसतात. ते दिसले की माझा दिवस छान जायचा. आमच्या नव्या जनरल मॅनेजरांना, म्हणजे पोतदार साहेबांना, मी ते कौतुकाने दाखवले होते. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यांचा उत्पादनाशी संबंध काय?"

पोतदार मोटारींच्या कारखान्यातून आमच्याकडे आले होते. तिथे म्हणे जमिनीवर जेवता येईल अशी स्वच्छता असे. आल्या आल्या त्यांनी दोन कामं केली. सगळे पाइप वेगवेगळ्या रंगांनी रंगवले आणि माझ्या टाकीच्या शेवटी, जिथून शुद्ध झालेलं पाणी ओढ्याकडे जातं तिथे, काचेची पेटी बसवून तिच्यात लाल-सोनेरी मासे सोडले. पाहुण्यांना दाखवायला. आमच्या पाण्यात मासे जगतात! मासे खरोखरच मजेत होते, कारण पेटीच्या मागून बोअरवेलचा बारीक पाइप आत सोडलेला होता. मी हे साहेबांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, "मॅडम, ते डिस्प्लेचे मासे आहेत."

खरी तपासणी व्हायची ती ओढ्याच्या खालच्या अंगाला, हौसाबाईंच्या गोठ्यात. हौसाबाईंनी थोडी जमीन विकून उरलेल्या जागेत खोल्या बांधल्या होत्या. त्यांत कंप्युटरवाली पोरं भाड्याने राहायची. पण ओढ्याकाठची विहीर आणि म्हशी त्यांनी सोडल्या नव्हत्या. पोरांचं पिण्याचं पाणी त्या विहिरीचं आणि म्हशी प्यायच्या ओढ्यावर. पाण्याचा रंग जरा बदलला की प्रयोगशाळेच्या अहवालाआधी बांधावरून हाक यायची, "ओ बाई, आज काय घातलंय ह्यात?" बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. कधी कधी वरच्या अंगाला कोणीतरी ट्रॅक्टर धुतलेला असायचा आणि तरी शिव्या मलाच बसायच्या. तो माझ्या नोकरीचाच भाग होता.

आता खंडेनवमी. आमच्या भागात या दिवशी यंत्रं थांबवतात. धुऊन पुसून त्यांना हळद-कुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला विसावा द्यायचा ही भावना मला मनापासून आवडते. फक्त माझा ब्लोअर त्याला अपवाद होता. कारखाना बंद राहिला तरी टाकीतल्या जीवांना श्वास घ्यावाच लागतो. त्यामुळे दर वर्षी चालत्या ब्लोअरच्या कठड्याला लांबून हार बांधायचा आणि हात जोडायचे, असं ठरलेलं होतं.

त्या वर्षी मी सणाला माहेरी भोरला गेले. मालक शेठजी स्वतः पूजेला यायचे होते. पोतदारांना वाटलं, आरतीच्या वेळी ही भोंग्यासारखी घरघर बरी दिसत नाही. त्यांनी ब्लोअर बंद करायला सांगितला. ऑपरेटर अंकुश हा नांद्याचाच, देवभोळा आणि कामाला चोख माणूस. एरवी त्याने दहा वेळा विचारलं असतं. पण सगळ्या मशिनींना विसावा मिळतो आणि आपल्याच ब्लोअरला मिळत नाही, याची खंत त्याला कित्येक वर्षं होती. त्याने ब्लोअर आनंदाने बंद केला, मळवट भरला, हार घातला आणि प्रथेप्रमाणे दसरा उतरेपर्यंत हात लावला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी टाकी कशीबशी तगली असती. पण सणासाठी कागदाचं मोठं मशीन कॉस्टिक सोड्याने उकळून धुतात. ते जळजळीत पाणी एरवी एका राखीव टाकीत साठवायचं आणि मग थोडं थोडं माझ्याकडे सोडायचं, अशी रीत. राखीव टाकी या वेळी शेठजींना दाखवण्यासाठी नुकतीच आकाशी रंगाने रंगवली होती. रंग खराब होऊ नये म्हणून ते पाणी सरळ माझ्या टाकीत सोडलं. म्हणजे आधी श्वास कोंडला आणि मग वरून सोडा ओतला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी फाटकातून आत शिरले आणि वासानेच समजले. टाकी काळी पडली होती, सडक्या अंड्यांचा दर्प येत होता. ब्लोअरवरचा झेंडू मात्र टवटवीत होता. मी थेंब काचेवर घेतला, फिरवून फिरवून पाहिला. काहीच हलत नव्हतं. मला रडू आलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी बाईमाणूस रडतंय हे पाहून अंकुश हादरला.

"मॅडम, पूजाच केली व्हती हो," तो म्हणाला.

मी तडक पोतदारांकडे गेले. त्यांनी मशीन सुरू करायचा हुकूम सकाळीच दिलेला होता. मी सांगितलं की माझी टाकी मेली आहे, येणारं घाण पाणी फार तर दोन दिवस राखीव टाकीत मावेल, त्यानंतर मशीन बंद करावं लागेल. ते शांतपणे म्हणाले, "नाही तर ओढा आहेच की." ओढा, म्हणजे त्या काठची विहीर, विहिरीवरची पोरं आणि हौसाबाईंच्या म्हशी. हे सगळं त्या एका 'आहेच की'मध्ये बसवलं होतं साहेबांनी.

मेलेली टाकी पुन्हा जिवंत करायची तर विरजण लागतं. दही लावायला शेजारून चमचाभर आणतो तसंच, फक्त टँकरभर. कुठल्याही चालू टाकीतला जिवंत गाळ आणून आपल्या टाकीत घालायचा, हवा द्यायची आणि हळूहळू खायला घालत तो वाढवायचा. आसपास दुसरा कागद कारखाना नव्हता. पण मला काळजी वाटली नाही. नदीपलीकडे नेरे-जांब्याला केवढे टॉवर उभे राहिले होते! प्रत्येकाच्या माहितीपत्रकात सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प आणि त्या पाण्यावर फुललेली बाग. माणसांच्या सांडपाण्यातला गाळ हा तर सगळ्यात सकस. मी टँकर घेऊन निघाले.

पहिल्या सोसायटीत सेक्रेटरींनी मला आधी कारंजं दाखवलं, मग जिम दाखवली. प्रकल्पाचं नाव काढल्यावर किल्ली शोधायला माणसं धावली. दार उघडलं तर आत गणपतीच्या मंडपाचे बांबू, स्पीकर आणि मोडक्या सायकली होत्या. ब्लोअरवर कोळ्याने जाळं विणलं होतं. टाकी कोरडी होती. जिन्याखालून एक जाड पाइप भिंत फोडून बाहेर गेला होता, तो कुठे जातो हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं. मला होतं.

दुसरीकडे ब्लोअर मोठ्या जोशात चालू होता. मी आशेने वाकून पाहिलं तर तळ दिसला. नितळ पाणी! व्यवस्थापक हिंदीत म्हणाला, "मॅडम, विजिट के लिए बोअर का पानी भरा है." मला आमचे मासे आठवले. पोतदारांना आपण उगाच एकटे समजत होतो, या माणसाची बिरादरी तर सगळीकडे पसरली होती.

तिसऱ्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे आमच्या कारखान्याच्या वासाबद्दल सारखी तक्रार करणारे गृहस्थ. त्यांच्याकडे यंत्रणा उत्तम होती, पण आवाजाने लोकांची झोपमोड होते म्हणून ब्लोअर बंद ठेवायचा ठराव एकमताने झाला होता. मी विरजण मागितलं तेव्हा त्यांनी नाकाला रुमाल लावला. म्हणाले, "घाण तुम्ही करता आणि गाळ आमच्याकडे मागता?" त्यांच्या इमारतीचं सगळं कुठे जातं हे विचारायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण मी दारात मागायला आले होते, आणि मागणाऱ्याने तोंड सांभाळायचं असतं.

एवढ्या मोठ्या वस्तीत पाणी जिवंत करणारी एक टाकी मला सापडली नाही. रिकामा टँकर घेऊन मी परतले ती सरळ हौसाबाईंच्या गोठ्यावर. शेणात जीवाणू असतात. काम हळू होतं, पण होतं. ज्या बाईचं पाणी आम्ही नासवणार होतो तिच्याकडेच आता पदर पसरायचा होता. मी काही लपवलं नाही. ब्लोअर, सोडा, राखीव टाकी, पोतदारांचं 'आहेच की', सगळं सांगितलं.

हौसाबाई धार काढत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "श्यान न्या. आख्ख्या आळीचं दिती मिळवून. पर तुमच्या सायबाला सांगा, रद्दीचे ट्रक माज्या बांधावरनं जात्यात. माजी म्हस तुमचं पानी प्याली, की मंग ट्रक जातील."

हे खरं होतं. कारखान्याची वाट त्यांच्या जमिनीतून होती, आणि दुसऱ्या दिवशी त्या वाटेवर मधोमध खुंटा ठोकून त्यांनी चंद्री नावाची म्हैस बांधली. रद्दीचे ट्रक रस्त्यावर ओळीने उभे राहिले. पोतदारांनी आधी धमकावलं, मग समजावलं, मग दुधाचा रतीब लावू म्हणाले. चंद्री रवंथ करत राहिली. शेवटी मशीन बंद पडलं आणि मला हवी होती ती उसंत मिळाली. राखीव टाकीत साठलेलं पाणी मी घासाघासाने टाकीला भरवू लागले. शेणकाला, गूळ, चिमटीने युरिया. अंकुश ब्लोअरपाशीच मुक्कामाला होता, त्याला घरी जा म्हटलं तरी जात नव्हता.

टाकीचा काळा रंग जाऊन करडा आला, एवढ्यात पोतदारांचा धीर संपला. त्यांनी परस्पर हौसाबाईंना निरोप धाडला: पाणी तयार आहे, म्हैस आणा.

हौसाबाई चंद्रीला घेऊन आल्या. मागून निम्मं गाव. माशांच्या पेटीशेजारच्या उघड्या चरीत पाणी वाहत होतं, चक्क काचेसारखं. मी टाकीकडे पाहिलं, चरीकडे पाहिलं. आमचं पाणी एवढं स्वच्छ व्हायला अजून बराच वेळ होता. पेटीतले मासे मात्र वर तोंड करून धापा टाकत होते. त्यांचा पाइप काढून कोणीतरी चरीत फिरवला होता.

चंद्रीने मान खाली घातली. पोतदार माझ्याकडे रोखून पाहत होते. नोकरी तेवढ्यात डोळ्यांपुढून गेली, घराचा हप्ता गेला, मुलीची फी गेली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

"अंकुश," मी म्हटलं, "बोअरचा पाइप काढ."

अंकुशने साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाइप उपसून बाजूला टाकला आणि टाकीची बंद केलेली झडप उघडली. चरीत आमचं खरं पाणी आलं. चंद्रीने ते हुंगलं, फुरफुरली, शेपटी उडवून वळली आणि पोतदारांच्या पॉलिश केलेल्या बुटांपाशी भलामोठा पो टाकला. सगळे हसले. मी तो उचलून टाकीत टाकायला लावला. विरजण वाया घालवायचं नसतं.

मशीन आणखी काही दिवस बंद राहिलं. मग एका सकाळी काचेवरच्या थेंबात एक घंटा उघडताना दिसली, मग दुसरी. टाकीला मातीचा वास आला. मी स्वतः जाऊन हौसाबाईंना बोलावलं. चंद्रीने चरीला तोंड लावलं ते पोट टम्म होईपर्यंत काढलं नाही. हौसाबाई एवढंच म्हणाल्या, "सोडा ट्रक." कुठल्याही साहेबाच्या शेऱ्याने मला एवढा आनंद दिलेला नाही.

पोतदारांना पुढे कोणत्यातरी संस्थेने पर्यावरणाचा पुरस्कार दिला. फोटोत मागे मासे आहेत. मला बढती मिळाली नाही. निवृत्त होईपर्यंत त्याच टाकीवर ठेवलं, शिक्षा म्हणून. मला ती शिक्षा कधी वाटली नाही, पण साहेबांचा विरस नको म्हणून तोंड पाडून राहायचे.

आता मी नांद्यातच फ्लॅट घेतलाय. हौसाबाईंच्या गोठ्याच्या जागी जो टॉवर आला त्यात. जमिनीच्या बदल्यात त्यांच्या मुलांना फ्लॅट मिळाले आणि हौसाबाई माझ्याच मजल्यावर राहतात. विहीर बुजवली, म्हशी विकल्या. आमच्याकडेही तळघरात शुद्धीकरणाचा प्रकल्प आहे. मी राहायला आले त्याच आठवड्यात खाली जाऊन पाहिलं. ब्लोअर बंद होता आणि त्याला गेल्या दसऱ्याचा सुकलेला हार होता. निदान पूजा तरी झाली होती.

मी कमिटीत भांडभांड भांडले. ब्लोअर सुरू करायला कसंबसं कबूल केलं त्यांनी. विरजणासाठी मी अंकुशला फोन लावला. तो आता कारखान्यात माझ्या जागी आहे आणि टाकी ठणठणीत ठेवतो. दुसऱ्याच दिवशी तो चॉकलेटी, मातीच्या वासाचा जिवंत गाळ टँकरभर घेऊन आमच्या फाटकाशी हजर झाला. वॉचमनने अडवलं. टँकरवर कारखान्याचं नाव पाहून कोणीतरी फोटो काढला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि सेक्रेटरी धावत खाली आले. कारखान्याची घाण आमच्या आवारात ओतू देणार नाही, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. मी जीवाणू समजावले, दही समजावलं. लोक गॅलऱ्यांतून बघत होते. अंकुशने टँकर वळवला. जाताना त्याने हात वर केला.

मी वर आले तर हौसाबाई गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. खाली ओढा काळा वाहत होता. वरच्या अंगाला, कारखान्याची चर मिळते त्याच्याही खालपर्यंत, तो अजून बरा आहे; काळा होतो तो आमच्यासारखे टॉवर लागल्यावर.

मी म्हटलं, "मावशी, तेव्हा तुम्ही म्हैस आडवी बांधलीत म्हणून निभावलं. आता काय करायचं?"

त्यांनी खाली ओढ्याकडे बोट केलं.

"तवा घान तुमची व्हती, बाई. म्हून भांडाया येत व्हतं," त्या म्हणाल्या. "आता आपलीच हाय. म्हस कुनाच्या दारात बांधू?"

आतून त्यांच्या सुनेने विचारलं, चहा ठेवू का. हौसाबाई ठेव म्हणाल्या, आणि चूळ भरायला मोरीकडे गेल्या.